रांगेतला होकार

साताऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या माडीवरची मधली खोली गेले दोन महिने पोरांनी घेतली आहे. खिडकीवर दोन गोधड्या टांगल्या आहेत, दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून कोंबली आहे आणि मधोमध स्टुलावर माइक. माइकसमोर परात, परातीत बारीक खडी. एक मुलगी गुडघ्यांवर बसून आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने फौजी बूट दोन्ही हातांत घालते आणि त्या खडीवर ताल धरते. नुसतं बघितलं तर पोरखेळ वाटतो. हेडफोन कानाला लावला की पलटण चालून येते. खाली गल्लीतून रिक्षा गेली की सगळे श्वास धरून थांबतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

ही पोरं एक विज्ञान श्रुतिका करत आहेत. सहा भाग आहेत. नाव नसलेल्या देशात, साल न सांगता, फौजेतला एक डॉक्टर जवानांच्या मनावर ताबा मिळवायचे प्रयोग करतो. जमिनीखाली तळघर, तळघरात यंत्र. यंत्रातली लहर कानात शिरली की जवान आपलं नाव विसरतो आणि सांगतील ते करतो. पहिले दोन भाग तयार झाल्यावर ते एका सार्वजनिक कार्यक्रमात ऐकवायचं ठरलं होतं. आदल्या आठवड्यात निरोप आला की नको. कारणं तीन सांगितली गेली. फौजेची बदनामी होते, लोकांच्या डोक्यात अंधश्रद्धा भरते आणि लहान मुलं घाबरतील. तिसरं मी सोडून देते, कारण घाबरवणारं काही चुलत्याच्या मोबाइलवर त्यांनी कधीच पाहिलेलं असतं. पहिली दोन कारणं मात्र झटकून टाकण्यासारखी नाहीत. ती सांगणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, भली आहेत, आणि त्यांतल्या दोघांच्या घरी आजही मुलगा सीमेवर आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही श्रुतिका ऐकवली गेली पाहिजे, आणि साताऱ्यात तर सगळ्यात आधी. पण माझं पोरांशीही भांडण आहे आणि ते आयोजकांशी असलेल्या भांडणापेक्षा मोठं आहे. पोरांनी सगळं पाप यंत्राच्या माथी मारलंय. जगात जे खरोखर घडलं त्यात असं यंत्र नव्हतंच. तिथे होता रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा होकार, आणि तो होकार ज्या पद्धतीनं घेतला गेला ती पद्धत.

कोरियाचं युद्ध चालू होतं तेव्हा अमेरिकेत 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द रुजला. शत्रूच्या, म्हणजे चीन आणि उत्तर कोरियाच्या, कैदेतले जवान आपल्याच सरकारविरुद्ध बोलू लागले. युद्ध थांबल्यावर २१ अमेरिकी जवानांनी मायदेशी परतायला नकार दिला. उपासमार, थंडी, मारहाण आणि रोजची तीच ती उलटतपासणी यांनी धडधाकट माणूसही मोडतो, हे मान्य करणं जड होतं. त्यापेक्षा चिन्यांना काहीतरी गुप्त विद्या सापडली आहे, असं धरून चालणं सोपं होतं. १० एप्रिल १९५३ ला सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे प्रमुख अ‍ॅलन डलेस प्रिन्स्टन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. शत्रू मेंदूवर लढाई करतोय, आणि आपल्याकडे तर अशा तंत्रांची परीक्षा घ्यायला गिनीपिग म्हणून माणसं नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ एप्रिलला, त्यांनीच मनावर ताबा मिळवण्याच्या एमके-अल्ट्रा या गुप्त कार्यक्रमाला मंजुरी दिली.

सिडनी गॉटलिब हा रसायनशास्त्रज्ञ त्याचा कर्ता. १४९ उपप्रकल्प होते आणि विद्यापीठं, इस्पितळं, तुरुंग अशा ऐंशीच्या आसपास संस्था त्यांत गुंतल्या होत्या. एलएसडी हे भास घडवणारं रसायन, संमोहन, विजेचे झटके, एकांतवास, काही म्हणून सोडलं नाही. लष्कराच्या फोर्ट डेट्रिक या केंद्रातला फ्रँक ओल्सन नावाचा शास्त्रज्ञ होता. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी न सांगता दारूतून एलएसडी दिलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. घरच्यांना खरं काय ते कळायला २२ वर्षं लागली.

आणि एवढं सगळं करून हाती काय आलं? माणसाचं मन बाहेरून चालवायची किल्ली गॉटलिबला सापडली नाही. कार्यक्रम निष्फळ ठरला हे त्याचं स्वतःचंच मत झालं होतं. १९७३ मध्ये सीआयएचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमावरून कागदपत्रं नष्ट केली गेली. चार वर्षांनी सुमारे वीस हजार पानं हाती लागली, ती का, तर पैशांच्या हिशेबाच्या फाइली भलत्याच ठिकाणी ठेवलेल्या होत्या म्हणून. प्रयोगाची वही गेली आणि खर्चाच्या पावत्या राहिल्या. ऑगस्ट १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये जी सुनावणी झाली ती बरीचशी या उरलेल्या कागदांच्या जिवावर.

मी पोरांना हे सगळं सांगितलं तेव्हा लेखन करणारा मुलगा हिरमुसला. "मग मॅडम, यंत्र चाललंच नाही तर नाटक काय उरलं?"

त्याला मी जेम्स स्टॅन्ली या अमेरिकी सार्जंटची हकिगत सांगितली. ती मला पाठ आहे. १९५८ मध्ये फौजेनं स्वयंसेवक मागवले. काम काय, तर विषारी वायूच्या हल्ल्यात बचाव करणारे कपडे आणि साधनं तपासायची. स्टॅन्ली पुढे झाला. त्याला मेरीलँडला नेलं आणि तिथे चार वेळा, त्याला पत्ता लागू न देता, एलएसडी दिलं. पुढची कित्येक वर्षं त्याला भास होत, विसर पडे. रात्री झोपेतून उठून तो बायकोला, मुलांना मारी आणि सकाळी त्याला काही आठवत नसे. १९६९ मध्ये तो फौजेतून बाहेर पडला, पुढच्या वर्षी संसार मोडला. आपलं असं का झालं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग डिसेंबर १९७५ मध्ये फौजेकडून एक पत्र आलं. १९५८ च्या चाचण्यांत 'स्वयंसेवक' म्हणून भाग घेतलेल्यांवर एलएसडीचे दूरगामी परिणाम काय झाले याचा अभ्यास करायचा आहे, तरी सहकार्य करावं. आपल्याला एलएसडी दिलं होतं हे त्या माणसाला सतरा वर्षांनी या पत्रातून कळलं.

तो कोर्टात गेला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की सेवेत असताना, सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल जवानाला असा दावा लावता येणार नाही. विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींनी न्यूरेंबर्गची आठवण करून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी डॉक्टरांवर खटले चालवून, १९४७ मध्ये जी संहिता जगापुढे ठेवली तिचं पहिलंच कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचं आहे. ज्या देशानं ते खटले चालवले त्याच देशाच्या फौजेत, १९५५ ते १९७५ या वीस वर्षांत, एजवुड नावाच्या एका तळावर साडेसहा हजारांहून जास्त जवानांवर अडीचशेच्या वर रसायनांच्या चाचण्या झाल्या. बहुतेकांच्या कागदांवर सही होती.

इंग्लंडची गोष्टही तीच. पोर्टन डाउन हे तिथलं रासायनिक युद्धाचं संशोधन केंद्र. ६ मे १९५३ ला हवाई दलातला रोनाल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा पोरगा तिथे चाचणीला बसला. हातावर गणवेशाच्या कापडाचे थर बांधले आणि त्यावर सरिन या विषारी रसायनाचे थेंब टाकले. पाऊण तासात तो गेला. मोबदला होता पंधरा शिलिंग आणि थोडी जादा रजा. तिथे गेलेल्या पुष्कळ जवानांनी पुढे सांगितलं की आम्हाला सर्दीवरचं औषध शोधायचंय असं सांगितलं होतं. मॅडिसनच्या मृत्यूची चौकशी बंद दाराआड झाली, वडिलांना आत बसू दिलं पण घरातही बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. 'बेकायदा हत्या' असा निर्णय मिळायला २००४ साल उजाडावं लागलं.

या दोन्ही गोष्टींत मनावर ताबा मिळवणारं औषध कुठलं? एलएसडी नव्हे, सरिन तर नव्हेच. वरिष्ठ सांगतोय, डॉक्टर समोर आहे, बाजूचा उभा आहे, मी मागे सरलो तर भित्रा ठरेन. ताबा या सगळ्यानं मिळवला होता, आणि तो सुई टोचायच्या आधीच मिळाला होता.

आता घरी येते.

साताऱ्याजवळ अपशिंगे आहे. जिल्ह्यात कुणालाही विचारा, 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच सांगतील. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, तिथे त्यांचं स्मारक आहे. देशातल्या पहिल्या सैनिकी शाळांतली एक १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. भरतीच्या दिवसांत पहाटे चारला रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं पाहिल्याशिवाय आमच्याकडे उजाडत नाही. अशा मुलखात राहून मी रावळपिंडीची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. १९३० च्या दशकात सुरू होऊन पुढे दहा वर्षांहून जास्त काळ पोर्टन डाउनच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीच्या लष्करी तळावर शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅस या कातडी भाजणाऱ्या विषारी वायूच्या चाचण्या केल्या. हिंदी माणसाच्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त इजा होते का, हे त्यांना पाहायचं होतं. अर्धी चड्डी आणि सुती शर्ट घातलेल्या शिपायांना गॅसच्या खोलीत पाठवलं गेलं. कित्येकांना भाजल्याच्या जखमा झाल्या, काही इस्पितळात पडून राहिले. हे कागद लंडनच्या अभिलेखागारातून २००७ मध्ये लोकांसमोर आले. त्या शिपायांची गावं कोणती, नावं कोणती, त्यांना कुणी काही विचारलं होतं का, याबद्दल ते कागद जवळजवळ मुके आहेत.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वय ऐंशीच्या पुढे, पण सकाळी दाढी आणि बुटाला पॉलिश अजून चुकत नाही. मी त्यांना विचारलं, "आप्पा, टोचायची परेड व्हायची तेव्हा सुईत काय आहे ते कधी विचारलंत का?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "रांगेत हुबं राह्यल्यावर इचारत्यात व्हय?"

"आणि एखाद्यानं विचारलं असतं तर?"

मला वाटलं होतं, साहेबांनी झापलं असतं असं काहीतरी सांगतील. ते जरा थांबले. म्हणाले, "साहेब कशाला बोलतोय? मागचाच म्हनला असता, फुडं सर की."

हे उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. आपण हुकमाचा विचार करतो तो वरून खाली येणारा म्हणून. आप्पांनी सांगितलं की तो मागूनही येतो. मागच्याला ऊन लागतंय, मागच्याला नाष्टा करायचाय, मागचा आपल्याच गावचा आहे. त्याच्यासमोर आपण एकट्यानं थांबायचं आणि कागद वाचून दाखवा म्हणायचं? माझ्या वर्गात पंचवीस वर्षांत हेच पाहिलं. 'कळलं का?' म्हटलं की पन्नास मुलं 'हो' म्हणतात. त्यातलं न कळलेलं मूल सगळ्यात मोठ्यानं म्हणतं.

आप्पांनी लगेच पुढे हेही सांगितलं की आमच्या डॉक्टरसाहेबानं आम्हाला पोटच्या पोरासारखं जपलं. मला ते शंभर टक्के खरं वाटतं. भारतीय फौजेत असले प्रयोग झाले असा माझा आरोप नाही, पोरांच्या श्रुतिकेतही नाही. जवान रांगेत प्रश्न न विचारता दंड पुढे करतो, कारण त्याचा विश्वास असतो. तो विश्वास ही फौजेची खरी ताकद आहे. त्याच्याशिवाय अर्ध्या रात्री, हाडं गोठवणाऱ्या थंडीत कुणी कुणाच्या मागे चालणार नाही. म्हणून तर जिथे प्रयोगाचा संबंध येतो तिथे या विश्वासाला हात लावायची परवानगी कुणालाच असू नये, शास्त्रज्ञालाही नाही आणि अधिकाऱ्यालाही नाही.

आपल्याकडे नियम आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ मध्ये जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत कैदी, वैद्यकीय विद्यार्थी यांच्याबरोबर फौजेतल्या माणसांनाही असुरक्षित गटात धरलंय, कारण उतरंडीत खाली असलेल्या माणसाचा 'हो' मोकळा असेलच असं नाही. नियम चांगला आहे. तो भरतीला निघालेल्या पोराला आणि त्याच्या आईला माहीत असला पाहिजे, इथे मात्र आपण कमी पडतो. माझ्या मनात जे आहे ते फार मोठं नाही. औषध असो, यंत्र असो, नवी चाचणी असो, संमती घेताना त्या जवानाचा वरिष्ठ खोलीत नसावा. कागद समजावणारा माणूस त्या तुकडीबाहेरचा असावा आणि त्यानं जवानाच्या भाषेत बोलावं. नाही म्हटल्याची नोंद सेवापुस्तकात कधीही चढू नये. आणि सहीच्या कागदाची एक प्रत घरी पोचावी, टपालानं, आईच्या नाहीतर बायकोच्या हातात. स्टॅन्लीच्या बायकोकडे असा कागद असता तर रात्री उठून मारणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं याचा तिला काहीतरी धागा मिळाला असता.

बूट वाजवणारी मुलगी, जी या सगळ्यात जास्त विचारी आहे, तिनं मला इथे अडवलं. "मॅडम, तेव्हा यंत्र चाललं नाही, कबूल. उद्या चाललं तर? आमची गोष्ट उद्याचीच आहे." तिचं बरोबर आहे, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये एक कार्यक्रम जाहीर केला. कवटीला छेद न देता धडधाकट सैनिकाचा मेंदू आणि यंत्र यांच्यात थेट देवाणघेवाण व्हावी, हा त्याचा हेतू. आपल्याकडेही मेंदूपर्यंत हात पोचवायची घाई झालेली आहे. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या लहरींची चाचणी पुरावा म्हणून धरली गेली, त्याची जगभर चर्चा झाली. दोन वर्षांनी, ५ मे २०१० ला, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कुणावरही त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. आरोपीच्या डोक्यात शिरायला त्याची मर्जी लागते, हे आपल्या देशानं मान्य केलं आहे. मग गुन्हा न केलेल्या, उलट देशासाठी उभ्या राहिलेल्या माणसाची मर्जी त्याहून वरचढ धरायला हवी. यंत्र जितकं खरं होत जाईल तितका सहीचा प्रश्न मोठा होणार आहे.

आता अंधश्रद्धेच्या आक्षेपाकडे येते, कारण आयोजकांचं इथे निम्मं बरोबर आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, हुशार पोरगा, विशीत असताना म्हणू लागला की त्याच्या डोक्यात चिप बसवली आहे आणि टॉवरवरून कुणीतरी त्याचे विचार चालवतं. अजिंक्यताऱ्यावरचे मनोरे त्याच्या खिडकीतून दिसायचे. तो खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून बसायचा. आईनं आधी देवऋष्याकडे नेलं, अंगारे झाले, कोंबडं झालं, आठ महिने गेले. मग कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. औषधं लागू पडली. आज तो दुकान सांभाळतो. हा आजार जुना आहे आणि भाषा मात्र काळागणिक बदलते. व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्क या डॉक्टरनं १९१९ मध्ये अशा रुग्णांवर निबंध लिहिला होता. आपल्यावर लांबून अंमल चालवणारं एक यंत्र आहे असं ते सांगत. आपल्याकडे पूर्वी करणी म्हणत, भानामती म्हणत, आता चिप म्हणतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी याच गावातून व्यसनमुक्तीचं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यांच्या गावात आपण लहर सोडली की माणूस बाहुला होतो असं ऐकवणार असू, तर माझ्या त्या विद्यार्थ्यासारखा आणखी एखादा पोरगा कुठेतरी कान लावून बसलेला असेल, आणि त्याच्या भीतीला आपण दुजोरा देऊ. म्हणून मी पोरांना सांगितलं, यंत्र ठेवायचंच असेल तर ते चुकू द्या. लहर सोडतात आणि काही होत नाही. डॉक्टर आकडे बदलतो, पुन्हा सोडतो, पुन्हा काही होत नाही. पण जवान मात्र बदलत जातो, कारण त्याला झोप नाही, घरचं पत्र नाही आणि 'तू बरा होतोयस' असं रोज सांगणारा एक आवाज आहे.

तो आवाज मी मनानं रचलेला नाही. माँट्रियलच्या अ‍ॅलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये इवन कॅमेरॉन हा जगात मानाचा मानसोपचारतज्ज्ञ होता. पुढे तो जागतिक मानसोपचार संघटनेचा अध्यक्षही झाला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या कामाला सीआयएचा पैसा आडमार्गानं मिळत होता. नैराश्यानं, बाळंतपणानंतरच्या उदासीनं आलेल्या साध्या बायका-पुरुषांना तो औषधांनी गुंगवून ठेवी आणि टेपवर रेकॉर्ड केलेलं एखादं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवी. दिवसाला सोळा तास, सहा-सात दिवस, तेच वाक्य. बरं होणं बाजूलाच राहिलं. काहींना घरची माणसं ओळखू येईनाशी झाली. १९९२ मध्ये कॅनडा सरकारनं ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. त्यात आधीचं आयुष्य परत द्यायची सोय नव्हती.

म्हणूनच हा विषय पडद्यापेक्षा कानाचा आहे. डोळा मिटता येतो, कानाला पापणी नाही. पोरांनी हेडफोनसाठी नाटक लिहिलं, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं, पण माध्यम अचूक निवडलं गेलंय. सांगली आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत आमची पिढी वाढली. दिवा मालवून रेडिओभोवती बसायचं आणि दाराची कडी वाजली की आपल्याच दाराकडे बघायचं. ऐकणारा चित्र स्वतः काढतो, म्हणून जबाबदारीतही तो वाटेकरी होतो. आता पाचव्या भागात एकच वाक्य सलग दीड मिनिट ऐकू येतं. मी तिसऱ्यांदा ऐकताना हेडफोन काढून ठेवला. पोरांनी तो तुकडा तसाच ठेवलाय आणि त्याआधी ऐकणाऱ्याला सूचना दिली आहे की हे नको असेल तर पुढे जा. ही सूचना मला फार आवडली. दीड मिनिटासाठीही विचारून घेतलं आहे.

राहिली बदनामी. त्यावर मला थोडंच बोलायचंय. आमच्या शेजारच्या सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' इंग्रज सरकारनं १९१० मध्ये बंद केलं, कारण नाटकातल्या कीचकात लोकांना कर्झन दिसत होता. ते परकं सरकार होतं, भीती त्याला शोभली. आपल्या फौजेला एका श्रुतिकेची भीती वाटते असं म्हणणं हाच मला तिचा अवमान वाटतो. या गोष्टीत जवान गुन्हेगार नाही. स्टॅन्ली जवान होता, मॅडिसन जवान होता, रावळपिंडीचे शिपाई तर आपलेच होते. त्यांच्या बाजूनं बोलणं म्हणजे फौजेविरुद्ध बोलणं कसं? आयोजकांपैकी ज्यांचा मुलगा सीमेवर आहे त्यांनी सगळे भाग एकदा आमच्या माडीवर येऊन ऐकावेत, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यातले एक येऊन गेले. काही बोलले नाहीत, जाताना आप्पांना नमस्कार करून गेले. दुसरे येतील.

चौथा भाग पोरांनी नव्यानं लिहिला. तळघर काढून टाकलं. आता नुसती एक रांग आहे, उन्हातली. परातीतल्या खडीवर बूट एक-एक पाऊल सरकतात. एक जवान विचारतो, "साहेब, सुईत काय आहे?" आणि मागून आवाज येतो.

तो मागचा आवाज आप्पांनीच द्यायचा असा पोरांनी हट्ट धरला. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माडीवर आले, माइकसमोर सावधान उभे राहिले. पहिल्यांदा 'फुडं सर की' एवढ्या जोरात म्हणाले की मुलांनी कान धरले. दुसऱ्यांदा रिक्षा गेली. तिसऱ्या वेळी ते बोलायच्या आधीच थांबले आणि बूट हातात घालून बसलेल्या मुलीला विचारलं, "बाळ, हा जो मागनं बोलतोय, त्यो वाईट मानूस हाय का?"

ती म्हणाली, "नाही आजोबा. त्याला नाष्ट्याला जायचंय."

"आस्सं," आप्पा म्हणाले, आणि मग ते वाक्य त्यांनी अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हटलं.